आडोसा बांधणाऱ्यांनो, दाखवण्याआधी अर्ज करा

काही वर्षांपूर्वी घाटाच्या पायथ्याशी एक अपघात झाला, तेव्हा मी मागच्याच एसटीत होतो. रस्त्याच्या कडेला एक बाई पडली होती. कपडे फाटलेले, शुद्ध अर्धवट. भोवती पन्नासेक माणसं जमली होती आणि त्यातल्या निम्म्यांचे हात मोबाइल धरून वर गेले होते. आमच्या एसटीतून दोन बाया उतरल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पिशवीतली चादर काढली, दोन टोकं दोघींनी धरली आणि त्या बाईला आडोसा करून उभ्या राहिल्या. वाऱ्याने चादर सारखी उडत होती. हात भरून आले तेव्हा एकीने टोक दातात धरलं. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

पुढे मी पेटंटचे अर्ज लिहिण्याच्या कामात आलो आणि तो आडोसा मला वेगवेगळ्या रूपांत पुन्हा भेटत राहिला. रुग्णवाहिका चालवणारे पायलट येतात, फॅब्रिकेशनच्या शेडमधले कारागीर येतात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं येतात. मोबाइलवर फोटो दाखवतात: गाडीच्या कडेला बसवलेला, ओढला की बाहेर येणारा पडदा. जखमीला किंवा मृताला लोकांच्या नजरेआड करायचा. प्रत्येकाच्या मागे त्याने स्वतः पाहिलेला एखादा अपघात असतो. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, "साहेब, याला पेटंट मिळेल ना?"

या सगळ्यांना आणि असं काही मनात असलेल्या प्रत्येकाला मला मोकळेपणाने काही सांगायचं आहे, कारण चांगल्या कल्पना अगदी साध्या चुकांमुळे वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक अर्जाच्या आधीच होते. पडदा तयार होतो, वेल्डिंग अजून गरम असतं आणि त्याच संध्याकाळी व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. गावातल्या ग्रुपवरून तालुक्याच्या ग्रुपवर, तिथून यूट्यूबवर. मग स्थानिक वर्तमानपत्रात बातमी, कॉलेजच्या स्पर्धेत बक्षीस, आमदारांच्या हस्ते सत्कार. कौतुक व्हायलाच हवं, पण पेटंटच्या कायद्यात नवं म्हणजे अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही जाहीर न झालेलं. तुमचाच व्हिडिओ तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलेल्या किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या शोधाला बारा महिन्यांची सवलत आहे. निव्वळ वाजवी चाचणीसाठी चारचौघांत वापरावं लागलं तर त्यालाही वर्षभराची मुभा आहे. पण ही दारं अरुंद आहेत आणि यूट्यूबवरचा व्हिडिओ त्यातून आत येत नाही. सवलतीच्या भरवशावर राहू नका. पडदा अजून सुधारायचा बाकी असेल तर तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करता येतो. त्याने तारीख तुमच्या नावावर पडते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर त्याची सरकारी फी १,६०० रुपये आहे. एवढ्या रकमेसाठी अर्ज टाळू नका.

आता अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाबद्दल. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतात. कागद बहुतेक ऑनलाइनच जातात, सुनावणीही बहुधा व्हिडिओवर होते. तुमचा अर्ज उघडणारा परीक्षक हा अभियांत्रिकी शिकलेला माणूस असतो. त्याच्यासमोर पडदा नसतो, अपघातही नसतो. कागद असतो. जखमी बाईची अब्रू राखणं चांगलं की वाईट, हा प्रश्न त्याला कायद्याने विचारायचाच नाही. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे त्याला पाहायचं असतं की वस्तू नवी आहे का, तिच्यात या विषयातल्या जाणकाराला सहज न सुचणारं पाऊल आहे का आणि ती उद्योगात करता-वापरता येते का. शिवाय कलम ३ मध्ये, शोध म्हणून धरूच नयेत अशा गोष्टींची यादी आहे.

हे ऐकून काहीजण दुखावतात. "आम्ही माणुसकीसाठी केलं आणि हे आम्हाला गुंडाळलेल्या कापडाबद्दल विचारतात." त्यांचं दुखावणं मला समजतं. पण पेटंट म्हणजे वीस वर्षांची मक्तेदारी, अर्जाच्या तारखेपासून. तेवढ्या काळात दुसऱ्या कुणालाही ती वस्तू तुमच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी करता येणार नाही. असा हक्क देताना, हे आधीपासून सगळ्यांचं होतं का, हे तपासायलाच हवं. आज तुमच्या पडद्याला लागलेली कसोटी उद्या तुमची नक्कल करणाऱ्यालाही लागणार आहे.

अशा पडद्याचा अर्ज कुठे अडतो हे जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक अर्ज एकाच जागी अडतात. अपघाताच्या जागी आडपडदा उभा करणं ही कल्पना नवी नाही. जर्मनीत महामार्गांवर जमिनीवर उभे करायचे पडदे वापरले जातात. तिथे अपघातातल्या मृतांचे फोटो काढण्यावरही २०२१ पासून फौजदारी बंदी आहे. ब्रिटनमध्येही महामार्गांवर असे पडदे वापरतात. तिथला हेतू दुहेरी आहे, कारण बघण्यासाठी वेग कमी करणाऱ्या गाड्यांमुळे समोरच्या मार्गिकेत दुसरा अपघात होतो. दुसरीकडे, गाडीच्या कुशीला नळकांड्यात गुंडाळलेलं आणि हात बाहेर काढून ताणायचं कापड हे फिरत्या घरांच्या गाड्यांवर कित्येक दशकांपासून आहे. आपल्याकडच्या दुकानांची गुंडाळती छपरं त्याच जातीची. परीक्षक एक कागद उचलतो: अपघाताचा पडदा. दुसरा उचलतो: गाडीवरचं गुंडाळतं छप्पर. आणि विचारतो, या दोन्ही गोष्टी माहीत असलेल्या कारागिराला त्या एकत्र आणायला काय अवघड होतं?

इथे कलम ३ मधलं (एफ) उपकलम समोर येतं. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या, जागा बदलून ठेवल्या किंवा दुप्पट केल्या आणि प्रत्येक वस्तू आपलं जुनंच काम आपल्या जुन्याच पद्धतीने वेगळं करत राहिली, तर तो शोध नाही. रोलर गुंडाळतो, कापड झाकतं, दिवा उजेड देतो, ब्रॅकेट धरून ठेवतो. चारही आपापलं काम करतात आणि एकमेकांना काही देत नाहीत. असा अर्ज इथेच संपतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या डिसेंबरमध्ये मिर्झापूरच्या भांडी करणाऱ्यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. पितळ आणि जर्मन सिल्व्हरची भांडी लेथवर नीट पकडून धरण्याच्या एका साधनाचं पेटंट होतं. शेजारच्या कारखान्याने तसंच साधन वापरलं म्हणून वाद न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षं चालला. शेवटी पेटंटच रद्द ठरलं. न्यायालयाचं म्हणणं असं की जुन्या गोष्टींच्या जोडणीलाही पेटंट मिळू शकतं, पण तिने काही नवं फळ, नवी वस्तू किंवा आधीपेक्षा चांगली वा स्वस्त वस्तू द्यायला हवी. कुशल कारागीर शेडमध्ये रोजच्या कामात करतो ती सुधारणा पुरेशी नाही. भांडी धरण्याची युक्ती उपयोगी होती. तरी ती शोध ठरली नाही. आपल्या कारागिरांनी हा निकाल एकदा तरी समजून घ्यावा असं मला वाटतं, कारण तो त्यांच्याच शेडबद्दल आहे.

मग नवेपण कुठून आणायचं? माझं ठाम मत आहे की ते अपघाताच्या जागीच पडलेलं असतं. त्या दोन बायांच्या हातातली चादर आठवा. तिला वारा लागत होता. साधा हिशोब करा. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा उभ्या कापडाच्या दर चौरस मीटरवर साधारण सहा किलो वजनाइतका रेटा देतो. चार मीटर लांब आणि दोन मीटर उंच पडद्यावर तो पन्नास किलोच्या घरात जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. शेजारून भरधाव ट्रक गेला की तो झटक्यात येतो. शेडमध्ये झकास दिसणारा पडदा महामार्गावर शीड होतो, बिजागरी वाकवतो किंवा जखमीच्याच अंगावर येतो. यावर तुम्ही काय केलंत? कापडात वाऱ्याला वाट ठेवली, तर फटीतून आतलं दिसू नये म्हणून काय केलंत? परीक्षकाला रस असतो तो याच उत्तरात.

रात्रीचं पाहा. आत बॅटरीचे दिवे लावून डॉक्टर काम करत असतात. कापड फिकट असेल तर बाहेरच्या गर्दीला सगळं काम सावल्यांत दिसतं आणि आडोशाचा तमाशा होतो. कापड गडद करावं तर रस्त्यावरून येणाऱ्या चालकाला पडदाच दिसत नाही. शिवाय रुग्णवाहिकेवर डॉक्टर आणि पायलट अशी दोनच माणसं असतात. पडदा उघडायला दोघं लागत असतील तर जखमीजवळ कोण बसणार? स्ट्रेचर मागच्या दारातून निघतं, त्या वाटेत पडद्याचा हात येतो का? रस्ता एका बाजूला उतरता असेल तर खालच्या फटीतून दिसतं. शेजारी उड्डाणपूल असेल तर वरून दिसतं. रक्त लागलेलं कापड जंतुनाशकाने धुवून पुन्हा त्याच नळकांड्यात जातं का, की आत कुजतं? ही यादी मी ऑफिसात बसून केलेली नाही. पायलट लोकांनीच ती मला दिली. यातला एखादा प्रश्न तुम्ही अशा रीतीने सोडवला असेल की एका भागाचं काम दुसऱ्या भागामुळे बदलतं, तर तिथे शोध असण्याची शक्यता आहे. पडदा ही कल्पना सोडा आणि त्या सोडवणुकीवर अर्ज लिहा.

लिहिण्याचा फरक दाखवतो. पेटंटच्या अर्जात शेवटी दावे असतात, म्हणजे नेमका कशावर हक्क मागता त्याची वाक्यं. "अपघातग्रस्ताला झाकण्यासाठी वाहनावर बसवलेला पडदा" असा दावा केला तर तो पहिल्याच वाचनात पडेल. त्याऐवजी असं पाहा: छतालगतच्या नळकांड्यात गुंडाळलेलं दुपदरी कापड. त्याला ताणणारे दोन हात. हाताच्या बिजागरीत असा खटका की वाऱ्याचा रेटा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आतल्या पदराच्या पट्ट्या सुटतात आणि बाहेरच्या पदराच्या फटींसमोरून सरकतात. हवा निघून जाते, पण नजर थेट आत जात नाही. इथे खटका, हात आणि दोन पदर एकमेकांवर अवलंबून आहेत. मंजूर होईलच असं नाही, पण बोलायला जागा आहे. आणि हो, हा दाखला मी इथे छापला म्हणजे तो आता जगजाहीर झाला. त्यावर आता कुणीच अर्ज करू नका, मी स्वतःही करू शकत नाही. नवेपण किती लवकर हातातून जातं ते यावरून ध्यानात येईल.

अर्जाआधी शोध घ्या. भारतीय पेटंट कार्यालयाची शोधयंत्रणा, युरोपीय कार्यालयाची एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स या तिन्ही फुकट आहेत. इंग्रजी शब्द अडत असतील तर कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीला शेजारी बसवा आणि चित्रं पाहा. कारागिराला चित्रावरून जे कळतं ते आम्हा लिहिणाऱ्यांना चार पानं वाचून कळत नाही. आपल्यासारखंच काही सापडलं तर हातपाय गाळू नका. ते कुठे कमी पडतं हे तुमच्याइतकं कुणाला दिसणार नाही आणि ती उणीव म्हणजेच तुमच्या अर्जाची सुरुवात.

शोधक म्हणून खरी नावं लिहा. मागे एका जोडप्याचं काम माझ्याकडे होतं. हात आणि बिजागऱ्या नवऱ्याने केल्या होत्या. पण कापड अडकू नये म्हणून चुण्या उलटसुलट घालायची युक्ती बायकोची होती, ती शिवणकाम करते. अर्जात तिचं नाव नव्हतं. "तिने फक्त शिवलं," असं तो म्हणाला. ते फक्त शिवणं नव्हतं आणि सगळ्यात नवी गोष्ट तीच होती. तिचं नाव घालणं न्यायाचं तर होतंच, तिला अर्जदारही केलं तर एक सरळ फायदाही आहे: अर्जदार व्यक्तींमध्ये एक तरी महिला असेल तर जलद तपासणी मागता येते. मान्यताप्राप्त स्टार्टअपलाही ती सोय आहे.

एकदा अर्ज केला की त्यात नवा मजकूर घुसवता येत नाही. दावे आखडते घेता येतात, स्पष्ट करता येतात, वाढवता येत नाहीत. म्हणून तुम्हाला माहीत असलेली सगळ्यात चांगली रीत पहिल्यांदाच पूर्ण लिहा. पाइपचा व्यास, स्प्रिंगची ताकद, कापडाचा प्रकार, उघडायला लागणारे सेकंद, सगळं. "गुपित राहू दे, थोडंसं लपवू" ही हुशारी पुढे गळ्याशी येते. कायदा वीस वर्षं देतो ते तुम्ही जगाला शिकवता म्हणून.

अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तो आपोआप तपासला जात नाही, तपासणीची मागणी वेगळी करावी लागते. आता त्याची मुदत ३१ महिने आहे आणि व्यक्तीसाठी फी ४,००० रुपये. ही मुदत चुकली तर अर्ज मागे घेतला असं धरतात. मग पहिला तपासणी अहवाल येतो. त्यात पाच-सात हरकती असतात, डी-१, डी-२ अशी आधीच्या कागदांची नावं असतात आणि भाषा कोरडी असते. मी मोठ्या माणसांना तो वाचून रडताना पाहिलं आहे. तो नकार नाही. जवळजवळ प्रत्येक अर्जाला तो येतो. उत्तराला सहा महिने असतात, मागितले तर आणखी तीन. या काळात उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं मानतात आणि माझ्या अनुभवात नकारापेक्षा या गप्प बसण्यानेच जास्त अर्ज मेले आहेत.

उत्तरात रस्त्यावरच्या वेदनेचं वर्णन लिहू नका. डी-१ मध्ये काय आहे, आपल्यात काय वेगळं आहे आणि त्या वेगळेपणाने नेमका काय फरक पडला, एवढं लिहा. "त्यांच्या पडद्याला दोन माणसं आणि दीड मिनिट लागतं, आमच्याला एक माणूस आणि वीस सेकंद लागतात आणि हे अमुक खटक्यामुळे होतं" अशी ओळ दहा भावनिक परिच्छेदांपेक्षा बळकट असते. त्यासाठी चाचण्या खरोखर केलेल्या हव्यात. दावा थोडा आखडता घ्यावा लागला तर घ्या. परीक्षक अहवाल देतो, निर्णय पेटंट कार्यालयातल्या नियंत्रकाचा असतो. विरुद्ध निर्णय देण्याआधी त्याला तुमची सुनावणी घ्यावी लागते. सुनावणीत मराठी माणूस फार लवकर "ठीक आहे साहेब" म्हणतो. म्हणू नका. शांतपणे खटका कसा चालतो ते समजावा.

फसवणाऱ्यांपासून सांभाळा. "शंभर टक्के पेटंट मिळवून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, तसं कुणीच देऊ शकत नाही. काहीजण डिझाइनची नोंदणी करून तिचं प्रमाणपत्र पेटंट म्हणून हातात ठेवतात. डिझाइन वस्तूच्या दिसण्याला संरक्षण देतं, खटक्याला नाही. अर्ज क्रमांक मिळणं, अर्ज प्रसिद्ध होणं आणि पेटंट मंजूर होणं या तीन निराळ्या गोष्टी आहेत. अर्ज तुम्ही स्वतःही करू शकता. एजंट नेमायचा तर तो नोंदणीकृत आहे का ते कार्यालयाच्या यादीत पाहा. संस्थेचं किंवा कंपनीचं पाठबळ नसलेल्या गावाकडच्या शोधकांना गुजरातमधलं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन मदत करतं. तिथे जरूर विचारा.

पेटंट म्हणजे पडदा गाडीवर लावायची परवानगी नव्हे, हेही ध्यानात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत आणि रुग्णवाहिकांच्या बांधणीला स्वतंत्र मानक आहे. आरटीओ आणि गाडीची मालकी असलेली यंत्रणा यांच्याशी आधी बोला. पण गोपनीयतेच्या लेखी करारावर सही घेऊन बोला.

आणि पेटंट मिळालं नाही तर? मग तुमचा पडदा सगळ्यांचा आहे. कुणाचा हक्क त्यावर नसेल तर प्रत्येक तालुक्यातला फॅब्रिकेशनवाला तो बांधू शकतो. मला तो पराभव वाटत नाही. तुम्हालाही वाटू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ज्यांना काही बांधायचं नाही त्यांनी गाडीत एक गडद चादर ठेवावी. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलं आणि सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही नाही. चादर धरा, मोबाइल खिशात ठेवा आणि शेजारच्यालाही ठेवायला सांगा.

ज्यांना बांधायचं आहे त्यांनी उद्या एक वही घ्यावी, शिवलेली, पानं सुटी न होणारी. पहिल्या पानावर तारीख घाला आणि ज्या अपघातामुळे हे डोक्यात आलं तिथे काय अडलं ते लिहा: वारा कुठून होता, उजेड कुठे होता, माणसं किती होती, किती वेळ लागला. नावं लिहू नका. दुसऱ्या पानापासून चित्रं काढा, चुकलेलीसुद्धा. मग ती वही घेऊन माझ्यासारख्या कुणाकडे या आणि तोवर व्हिडिओ कुणालाही पाठवू नका.